कॅप्टनचे जास्तीचे ताट

पोलंडमधल्या रादोम गावी सांस्कृतिक भवनाच्या तळघरात दर गुरुवारी जमणाऱ्या मंडळींना गावातले लोक अर्धवट समजत, आणि त्यात फार काही चुकत होते असे नाही. चाळीस वर्षे ही माणसे एका परदेशी मालिकेवर जीव टाकून होती. मालिकेचे नाव ‘शेवटचे बंदर’, तिच्यातल्या अंतराळयानाचे नाव ‘टिटवी’, आणि टिटवीचा कॅप्टन ऑर्विन म्हणजे मंडळींचे कुलदैवत. या कुलदैवताला तोंड मात्र होते बोगुशाचे.

बोगुशा तेव्हा तिशीची, बुटांच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांना पत्रे लिहायची. इंग्रजी येणारी माणसे गावात बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे चोरून-मारून आणलेली चित्रफीत लागली, की टीव्हीशेजारी छोटा दिवा घेऊन बसायचे आणि सगळ्या पात्रांचे बोलणे एकटीने पोलिशमध्ये सांगत जायचे, हे काम तिच्या गळ्यात पडले. आमच्याकडे सिनेमा असाच बघतात. मागे मूळ आवाज बारीक चालू असतो आणि वर एकच माणूस नायक, नायिका, खलनायक सगळ्यांचे वाचतो. कुणी मरो की कुणाचे लग्न लागो, त्याने आवाज चढवायचा नाही. बोगुशाचे इंग्रजी कारखान्यातले. तिचा कॅप्टन शत्रूच्या यानालासुद्धा ‘आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत’ असे बजावायचा. लोक म्हणायचे, काय खानदानी माणूस आहे!

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात शेवटचा भाग लागला. फीत नकलेच्या नकलेची नक्कल, चित्रावर मुंग्या धावत होत्या. टिटवी कायमची निघालेली, घरचा ग्रह मागे लहान होत चाललेला, कॅप्टन खिडकीशी पाठमोरा उभा, आणि नेमका तिथे आवाज गेला. अर्धे मिनिट झाले तरी येईना. “गेली फीत!” कुणीतरी ओरडले. फीत चालवायला बसलेला बसचालक वित्सेक यंत्रावर चापट मारायला उठला.

बोगुशाला वाटले, बिचारा काहीतरी बोलत असणार आणि आपल्यापर्यंत पोचत नाही. तळघरात बसलेल्यांपैकी निम्म्यांचे कुणी ना कुणी पश्चिमेला गेलेले आणि परतायची आशा नसलेले होते. तिचा स्वतःचा भाऊ तीन वर्षे शिकागोत होता. तिने घसा साफ केला आणि नेहमीच्या सपाट आवाजात सांगितले,

“टेबलावर एक ताट जास्त मांडा. कोण येणार, ते विचारू नका. जो येईल त्याला एवढंच कळू दे, की आपली वाट पाहिली जात होती.”

वित्सेक चापट मारायचे विसरला आणि टोपीत तोंड खुपसून रडला. शेजारी बसलेल्या इर्मिनाने त्याला रुमाल दिला. पुढच्या उन्हाळ्यात दोघांचे लग्न झाले, तेव्हा जेवणाआधी हीच तीन वाक्ये त्याने पाहुण्यांना ऐकवली. कितीकांच्या घरी ती फ्रेम करून लागली.

दहा-बारा वर्षांनी सरकारी टीव्हीने मालिका दाखवली. खिडकीच्या प्रसंगात कॅप्टन गप्प. “कापलं!” वित्सेक गरजला, “भाषण कापलं चोरांनी!” पुढे डीव्हीडीच्या तबकड्या आल्या, त्यांतही कॅप्टन गप्पच. म्हणजे त्याही कापलेल्या. अस्सल प्रत जगात एकच, आपल्या तळघरातली, असे ठरले. माणसाचा विश्वास बसला की पुराव्याची काय बिशाद!

बोगुशाने मात्र मूळ संवादांचे पुस्तक मागवले. त्या जागी छापले होते: कॅप्टन काही बोलत नाही. फीत कधी बिघडलीच नव्हती. प्रसंगच शांततेचा होता आणि तिने त्यात तोंड घातले होते. हे सांगायला ती वित्सेककडे निघणार, तोच इर्मिना गेल्याचा फोन आला. महिन्याभराने थडग्यावर दगड बसला. त्यावर ती तीन वाक्ये होती आणि खाली नाव, कॅप्टन ऑर्विन. बोगुशा मूग गिळून गप्प बसली. बसली ती पंधरा वर्षे.

आणि या वर्षी, नोव्हेंबरात, मालिकेच्या परदेशी कंपनीने ‘शेवटचे बंदर’ पुन्हा पहिल्यापासून काढले, या वेळी सिनेमा म्हणून. मंडळी एकत्र जाऊन सिनेमा बघून आली आणि तळघरात दोन तट पडले.

“पंधरा मिनिटांत टिटवी फोडली!” वित्सेकने टेबलावर मूठ आपटली. “चाळीस वर्षं जपलेलं यान! आणि कॅप्टन कोण, तर बाई!”

“मग बिघडलं काय, काका?” कालिना म्हणाली. ही औषधाच्या दुकानात काम करणारी पोरगी, बापाच्या मांडीवर बसून इथेच लहानाची मोठी झालेली. “तुमचा कॅप्टन तरी इतकी वर्षं कुणाच्या आवाजात बोलतोय? बोगुशा मावशीच्याच ना?”

सगळे हसले. वित्सेकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“ते वेगळं! वाचणारा म्हणजे बाईही नाही आणि बुवाही नाही. वाचणारा म्हणजे वाचणारा.”

“मला आवडला बाई सिनेमा,” मागून एकीने सांगितले. “निदान हिला पायऱ्या चढताना धाप तरी लागत नाही.”

“आणि स्वयंपाकी यंत्रमानवाचं काय?” कोपऱ्यातून एक म्हातारा करवादला. “आता म्हणे नुसता भिंतीतून आवाज येतो. भांडी कोण घासतं मग, भिंत?”

बोगुशाने चहाचे कप गोळा करायला घेतले. तिला सिनेमा आवडला होता. नवी कॅप्टन शेवटी खिडकीशी पाठमोरी उभी राहिली, गप्प, आणि बोगुशा अंधारात मनसोक्त रडली. चाळीस वर्षांनी तो प्रसंग तिने पहिल्यांदा नीट पाहिला होता.

“यान फोडलं, बाई आणली, सगळं एक वेळ सोडून देऊ,” वित्सेक खिशातून कागद काढत म्हणाला. “पण भाषण पुन्हा कापलं, याला माफी नाही. कंपनीला पत्र लिहिलंय. भाषण परत घाला, नाहीतर आमचं नाव घेऊ नका. एकेचाळीस सह्या आहेत. बोगुशा, इंग्रजी तुझ्याकडे. कालिना, तू ते जगभरच्या चाहत्यांना दाखव त्या तुझ्या नेटवर.”

सिनेमा आवडलेल्यांनीही सही केली होती. भाषणाबाबत दुमत नव्हते.

कप विसळताना कालिनाने मोरीपाशी हळूच विचारले, “मावशी, परदेशातला माणूस जास्तीचं ताट कशाला मांडेल गं? नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते आपण मांडतो, अवचित येणाऱ्यासाठी. त्यांच्यात नाही तसलं काही. मी विचारलं चार ठिकाणी. ते भाषणच कुणाला माहीत नाही.”

बोगुशाने कप दोनदा विसळला.

“पत्र गेलं तर काकांना सगळे हसतील,” कालिना म्हणाली.

ते बोगुशालाही कळत होते. पत्र पाठवावे तर जग वित्सेकला हसणार. खरे सांगावे तर इर्मिनाच्या उशाशी खोटे शब्द कोरले गेलेत, हे त्याला आपल्याच तोंडून कळणार. चाळीस वर्षांचा मित्र एका वाक्यात जायचा. रात्रभर कुशी बदलून ती सकाळी त्याच्या घरी गेली आणि कोट न काढताच सगळे सांगून टाकले.

वित्सेकने ऐकून घेतले. “मग तिथे तो म्हणतो तरी काय?”

“काही नाही. नुसता उभा असतो.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही रे. फीत गेली असं वाटलं मला. लोक गलका करायला लागले, मी घाबरले.”

त्याने पत्राची चौपदरी घडी घालून खिशात टाकली. “मी दगडावर त्याचं नाव घातलंय,” तो म्हणाला. मग घड्याळाकडे बघून, “निघ तू. नऊची बस चुकेल.”

जन्मभर बस चालवलेल्या माणसाने बसचे नाव काढून घालवले, याहून वाईट काय असणार. पुढचे तिन्ही गुरुवार तो आला नाही. तळघराची किल्ली कालिनाच्या हाती पाठवली. बोगुशाला जेवण जाईना. आपण बोलायलाच नको होते, तेव्हाही आणि आताही, असे ती स्वतःला बजावत राहिली.

चोवीस डिसेंबरला तिने एकटीसाठी बिटाचे सूप केले, हेरिंग मासा कापला, टेबलावर पांढरी चादर घातली आणि रिवाजाप्रमाणे एक ताट जास्त मांडले. त्या ताटाकडे बघता बघता तिला स्वतःचाच राग आला. मोठे भाषण ठोकले होते! ताट मांडून बसायला काय जाते? कुणीतरी उठून यायलाही हवे ना! तिने खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी फडक्यात बांधली, बूट चढवले आणि बर्फातून निघाली.

वित्सेकच्या गल्लीत पोचेपर्यंत पहिला तारा दिसला, म्हणजे घरोघर जेवायला बसायची वेळ झाली. तिने दार वाजवले. आज आलेल्याला परत पाठवता येत नाही, एवढाच काय तो तिला आधार होता.

दार उघडले. इस्त्रीच्या शर्टात वित्सेक. त्याची नजर तिच्या हातातल्या फडक्यावर गेली.

“सकाळी गेलो होतो इर्मिनाकडे,” तो म्हणाला. “दिवा लावला, दगड पुसला. खरं सांगू? मला कायम टोचायचं. बायकोच्या उशाशी कुणा परक्या माणसाचे शब्द. ना तो तिला ओळखत होता, ना ती त्याची भाषा.” त्याने तिच्या हातातली गुंडाळी घेतली. “आता बरं वाटलं. घरचेच निघाले.”

“नाव खोडून घे दगडावरचं,” बोगुशा कशीबशी म्हणाली.

“राहू दे. हुद्दा तर बरोबर आहे.” तो दारातून बाजूला झाला. “आत या, कॅप्टन. सूप गार होतंय.”

बोगुशा तिथेच उंबऱ्यावर लहान मुलीसारखी रडली.

“पत्राचं काय केलंस?” नाक पुसून तिने विचारले.

“भाषणाचं खोडलं. यान फोडल्याचं ठेवलंय. ते पाठवायचंच आहे.”

टेबलावर दोन ताटे मांडलेली होती, एक त्याचे आणि एक जास्तीचे. ती जास्तीच्या ताटावर बसली. वित्सेकने तिला सूप वाढले, स्वतःला वाढले, चमचा उचलला आणि खाली ठेवला. मग उठून त्याने कपाटातून आणखी एक ताट काढले.