मातीचे मणी आणि इंदूअक्कांची गिऱ्हाइके

इंदूअक्कांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. अक्कांच्या पंचाहत्तरीच्या गौरवांकात असे लिहावे की नाही, याचा मी थोडा विचार केला. पण संपादक मंडळाने पहिल्या परिचयापासून सुरुवात करायला सांगितले आहे आणि पहिला परिचय असाच आहे, त्याला मी काय करू?

धारवाडच्या सुभाष रोडवर तेव्हा खटावकरांचे बांगड्यांचे दुकान होते. त्याच्या एका टोकाला, हातभर जागेत, श्रीमती इंदुमती खटावकर स्वतः घडवलेले मातीचे मणी ओवत बसत. मी त्यांच्याकडून काळ्या मण्यांची एक माळ घेतली होती. मी शाळेत शिक्षिका. स्नेहसंमेलनात व्यासपीठावर उभी राहून आभार मानत असताना ती माळ तुटली आणि मणी घरंगळत थेट प्रमुख पाहुण्यांच्या चपलांपर्यंत गेले. पोरे खिदळली. दुसऱ्या दिवशी उरलेले मणी रुमालात बांधून मी दुकानात गेले, ती तोंड सोडायच्या तयारीनेच. बरेच बोलले. माझा दम संपल्यावर अक्का धाकट्या बहिणीला बोलवावे तशा कानडीत म्हणाल्या, "बा तंगी, कुंद्रु. बस आधी. मणी फुटला का दोरा तुटला?"

"दोरा तुटला."

"मग चूक माझी. मणी फुटला असता तरी माझीच. पण कुणाला बोलायचं ते कळायला पाहिजे की."

त्यांनी तिथल्या तिथे माळ नव्याने ओवली, दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहिली आणि माझ्या गळ्यात घातली. मग गंभीरपणे विचारले, "आभार कुणाचे राहिले गं मग?" मी सांगितले, स्वयंपाकाच्या बायकांचे. "आज जाऊन मान," त्या म्हणाल्या. मी खरेच गेले. भांडायला गेलेली बाई चहा पिऊन, वर एक काम घेऊन परतली, असा तो प्रकार झाला.

पुढे अक्कांचे यजमान दत्तूअण्णा गेले, दुकानाची भावाभावांत वाटणी झाली आणि मणी धारवाडजवळच्या रायापूरच्या घरी, पुढच्या सोप्यात आले. धाकट्या जाऊबाई सुशीलावहिनी सोबत होत्या. माळा बांधायला शेजारची रेणुका येऊ लागली. मी नोकरी सोडून घरी बसले होते. घरी बसलेली बाई दुसऱ्याच्या घरात काहीतरी काढतेच. मणी ऑनलाइन विकू या, असे मी सुचवले. अक्कांना पटेना. हात न लावता माणूस मणी कसा घेईल, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर सुशीलावहिनींनी दिले. "फोटो बघून नवरा पसंत करतात की आता! मणी म्हणजे काय मोठं?"

अक्कांचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तळ्याची माती चाळून, मळून, तळहातावर वळायची. खराट्याच्या हिराने भोक पाडायचे. सावलीत सुकवायचे. मग अमरगोळच्या मार्केट यार्डातून आणलेली भुईमुगाच्या शेंगांची टरफले मडक्यात भरून, त्यात मणी पुरून, झाकण लिंपून भाजायचे. आत कोंडलेल्या धुराने मणी काळा होतो. पण प्रत्येक भट्टीचा काळा वेगळा असतो. एखादी निळसर उतरते, एखादी तव्यासारखी. मडके उघडेपर्यंत काही कळत नाही आणि उघडताना अक्का कुणाला बोलू देत नाहीत.

हा रंग फोटोत पकडायचे काम माझ्याकडे होते. मी उत्साहाने रेशमी कापडावर मणी मांडले, उजेड वाढवला, चकाकी आणली. अक्कांनी फोन लांब धरून पाहिला. "मणी झकास आहे," त्या म्हणाल्या, "पण आपला नाही. ज्याचा असेल त्याला देऊन ये." तेव्हापासून फोटो एकाच पद्धतीने निघतो. सकाळच्या उन्हात, परसात, अक्कांच्या उघड्या तळहातावर. आमच्या गिऱ्हाइकांनी अक्कांचा चेहरा पाहिलेला नाही, पण त्यांच्या तळहाताच्या रेषा सगळ्यांना पाठ आहेत. एका बाईंनी तर आयुष्यरेषा मोठी असल्याचे कळवले होते.

गिऱ्हाइकाला खूश ठेवणे म्हणजे त्याच्या हो ला हो मिळवणे, असा माझा समज होता. अक्का सरळ 'नाही' म्हणतात. कुणाला जुन्या माळेच्या जोडीचा एकच मणी हवा असला आणि त्या भट्टीचा शिल्लक नसला, तर जवळपासचा देऊन भागवत नाहीत. पार्सल उशिरा पोहोचले म्हणून कुणी तापले, की मी 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' असे लिहून मोकळी होत असे. अक्कांनी ते वाचून घेतले आणि विचारले, "क्षमस्व असं तू नवऱ्याला कधी म्हटलीस काय?" मग त्या स्वतः फोन लावू लागल्या. माणूस कानडी असेल तर आधी "ऊटा आतेनु?", मराठी असेल तर "जेवण झालं का?" आणि मग पार्सल. जेवणाची चौकशी झाल्यावर माणसाला फारसे ओरडता येत नाही. आमची कितीतरी गिऱ्हाइके आता मणी नको असले तरी फोन करतात. मला त्याचा वैताग येतो, अक्कांना येत नाही.

माझ्यावरचे त्यांचे ऋण मात्र वेगळेच आहे. माझ्या आईला शेवटच्या काळात काही आठवत नसे. दिवसभर ती पदराचे धागे उसवत बसायची. अक्कांनी एक दिवस ताटलीभर मोठे मणी, दोरा आणि बोथट सुई पाठवली. आई ओवू लागली. संध्याकाळी अक्का स्वतः येत, माळ निरखत, "नीट झालीय हं, गिऱ्हाइकाला आवडंल," म्हणत आणि घेऊन जात. घरी नेऊन ती उसवत आणि तेच मणी सकाळी पुन्हा पाठवत. आपण अजून कामाच्या आहोत, असे आईला अखेरपर्यंत वाटत राहिले. हे लिहितानाही माझे डोळे भरून येतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

खटावकरांच्या दुकानाची एक जुनी रीत होती. काळे मणी घेणाऱ्या बाईला कुंकवाची पुडी दिल्याशिवाय पाठवायचे नाही. दुकान गेले तरी रीत राहिली आणि पार्सलातही पुडी जाऊ लागली. हल्लीच्या मुली ही माळ जीन्सवर घालतात, त्यांनाही पुडीचे कौतुक वाटे. पुड्या सुशीलावहिनी आणि रेणुका बांधत. त्या कुंकवाचा डबा काढत, तेव्हा अक्का उठून आत जात आणि डबा बंद होईपर्यंत चुलीपाशी बसत. दत्तूअण्णा गेल्यापासून हे असेच चालले होते. मणी घडवायचे त्यांनी, भाजायचे त्यांनी, ओवायचे त्यांनी; आणि त्यासोबतच्या चिमूटभर कुंकवाला त्यांचा हात चालत नव्हता. कुणी त्यांना तसे सांगितले नव्हते. मला ते सहन होत नसे, म्हणून एकदा बोललेही. "रीत आहे तंगी," त्या म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नये." पण त्यांनी स्वतः ते लावून घेतलेले मला दिसत होते.

मागल्या श्रावणात सांगलीहून एक पार्सल परत आले. नलिनीताई नावाच्या बाईंनी माळ मागवली होती. माळ जशीच्या तशी, पुडी न उघडलेली. फोनवर त्यांचा निरोप होता, 'माळ सुंदर आहे. सोबतची पुडी कुठे ठेवावी ते कळले नाही, म्हणून सगळेच परत करते.'

आम्ही एकमेकींकडे पाहिले. समजायचे ते समजले होते.

"आपल्याला काय ठाऊक?" सुशीलावहिनी म्हणाल्या. "वाईट हेतूनं धाडली काय आपण?"

रेणुका म्हणाली, "ऑर्डर घेतानाच विचारू या की, सौभाग्यवती आहात का म्हणून."

"मग आधारकार्डपण मागव," मी म्हणाले. मला वाटत होते, पुडी कायमचीच बंद करावी आणि विषय मिटवावा. तसे मी बोलून दाखवताच वहिनींचा चेहरा उतरला. सासूबाईंनी घालून दिलेली रीत होती ती. "कुंकवाशिवाय काळे मणी मी घराबाहेर काढणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचेही काही खोटे नव्हते.

अक्कांनी परत आलेली माळ मांडीवर घेतली. "एक गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण आपल्या घरची वस्तू घेऊन एक बाई रडली असंल. फोन लाव."

मी फोन लावला. अक्कांना कमी ऐकू येते, त्यामुळे फोन स्पीकरवर होता आणि आवाज सगळ्या सोप्यात ऐकू येत होता.

"मी इंदू बोलते, धारवाडहून. मणीवाली."

"अहो, मी रागावले नाही हं," नलिनीताई घाईघाईने म्हणाल्या. "माळ मनापासून आवडली होती. ह्यांना जाऊन अजून वर्ष झालं नाही. पुडी टाकून द्यायला हात होईना आणि लावायचीही सोय नाही. घरात कुठंही ठेवली तरी तिच्यावरच नजर जायची. म्हणून सगळंच परत पाठवलं."

अक्कांनी मांडीवरची माळ मुठीत धरली. मग म्हणाल्या, "मलापण कळत नाही, ताई, ती कुठं ठेवायची. आमच्याकडं पुड्या बांधायला घेतल्या की मी उठून आत जाते. लई वर्षं झाली. चूल पेटलेली नसली तरी चुलीपाशी बसते."

सुशीलावहिनी जमिनीकडे पाहू लागल्या. एका घरात राहून अक्कांच्या तोंडून हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"म्हणजे तुम्हीपण?" नलिनीताईंनी विचारले.

"होय की."

"आणि हे मणी तुमच्या हातचे?"

"माझ्याच."

मग नलिनीताई म्हणाल्या, "मग माळ परत पाठवा. पुडीपण पाठवा. पण ती तुमच्या हातची पाठवा. तुमच्या हातची असली तर मी ठेवीन."

फोन ठेवल्यावर अक्का त्या माळेवर बोट फिरवत बसल्या होत्या. उठल्या त्या सुशीलावहिनी. त्यांनी आतून कुंकवाचा डबा आणला, अक्कांच्या पुढे ठेवला आणि झाकण स्वतः उघडले. "घ्या अक्का," त्या म्हणाल्या. "मीच कधी म्हटलं नाही. तुम्ही उठून जात होता, मी डबा उघडत होते."

राईएवढ्या मण्याला नेमके भोक पाडणारा तो हात त्या दिवशी पुडी बांधताना चुकला. अर्धे कुंकू कागदाबाहेर, त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर सांडले. अक्का ते झटकू लागल्या, तेव्हा वहिनींनी त्यांचा हात धरला. "सांडू दे की," त्या म्हणाल्या. दोघी जावा एकमेकींना धरून रडल्या. रेणुका रडली. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आता ऑर्डर घेताना आम्ही एवढेच विचारतो, सोबत आमच्या घरची कुंकवाची पुडी पाठवू का? कोण कुणाची कोण, ते विचारत नाही. ज्यांना नको, त्यांना चार मणी जास्त जातात, कारण रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचे नाही ही रीत कायम आहे. पुड्या मात्र सगळ्या अक्का बांधतात. वहिनी नुसत्या शेजारी बसून कागद कापून देतात आणि चौकोन वाकडे कापले म्हणून बोलणी खातात.

या अमृतमहोत्सवाच्या तयारीत संयोजकांनी मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारले, "सत्काराच्या वेळी अक्कांना कुंकू लावायचं का? लावायचं तर कुणी?" वहिनींच्या कानावर ते गेलेच. "मी लावणार," त्या म्हणाल्या, "आणि ओवाळणारपण मीच." त्यामुळे तो प्रश्न सुटला आहे.

अक्का, आपल्याकडे बाईला आशीर्वाद देताना आधी नवऱ्याचे आयुष्य मागतात, मग मुलाबाळांचे. तिचे स्वतःचे मागायचे राहूनच जाते. आज आम्ही सगळ्या, आणि तुमचा चेहरा न पाहिलेली तुमची सगळी गिऱ्हाइके मिळून, फक्त तुमचे आयुष्य मागतो आहोत. ते भरपूर असो, हातीपायी धड असो, आणि त्यातले सगळे दिवस तुम्ही बाहेर, सोप्यात, आमच्यात बसून काढा.