आईने दाबलेला ब्रेक

गाडी वळवली की पुढच्या डाव्या चाकातून कट-कट आवाज यायचा. आधी नुसता यू-टर्नला, मग प्रत्येक वळणावर. एक्सलच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकाचं रबर फाटून आतलं ग्रीस चाकभर उडालं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "गाडी आठवडाभर ठेवावी लागेल. हातात काम फार आहे."

आठवडाभर गाडी सोडणं शक्यच नव्हतं. आठवड्यातून तीनदा आईला पनवेलहून खारघरला डायलिसिसला न्यायचं असे. तिला गुडघ्यांमुळे रिक्षात चढता येत नव्हतं. नेणं, आणणं आणि मधल्या वेळात नोकरी, यात वर्ष कसं गेलं ते सांगता येणार नाही. रविवार तेवढा मोकळा असायचा. नवा एक्सल आणला आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा अंथरला. यापूर्वी मी ब्रेकपॅड बदलले होते, त्यापलीकडे काही नाही.

धाकटी बहीण नाशिकहून दोन दिवसांसाठी आली होती. तीही मदतीला उतरली. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो. पान्याला लांब पाइप लावून मी लोंबकळलो, तर नटाऐवजी चाकच फिरायला लागलं.

"कुणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा," मी म्हणालो.

"मग पाइप कोण धरणार? तुझ्या एकट्याच्याने होत नाहीये, दादा."

आई इमारतीच्या दारातल्या खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, "मी बसते ना गाडीत."

"तुझे पाय दुखतील, आई."

"ते तसेही दुखतातच."

आम्ही दोघांनी धरून तिला स्टिअरिंगसमोर बसवलं. त्या सीटवर ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती. मधलं पॅडल दाखवलं. इंजिन बंद असल्याने ते कडक झालेलं. एका पायाने दबेना. मग तिने साडी सावरली, दोन्ही पाय पॅडलवर ठेवले आणि पाठ सीटला रेटली.

"दाबला रे! आता लवकर करा!"

बहीण पाइपच्या टोकावर उभी राहिली, मी खालून जोर लावला. कडाड आवाज झाला आणि बहीण माझ्या अंगावर आली. मला वाटलं, पाना तुटला. पण नट सुटला होता. आई घामाघूम होऊन विचारत होती, "सोडू का आता?" तिच्या चेहऱ्यावर इतका हुरूप मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता.

पुढचं काम नुसतं दमवणारं. गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवली, चाक काढलं, खालचा सांधा ठोकून सोडवला. जुना एक्सल गिअरबॉक्समधून उचकटला तेव्हा तेल कोपरापर्यंत ओघळलं. नवा आत बसेना. तीनदा ढकलला, तिन्ही वेळा हाताला जोर उरला नाही. मी पुठ्ठ्यावर तसाच पडून राहिलो. रडू येईल असं वाटलं, पण त्यालाही त्राण नव्हतं. बहीण शेजारी आडवी झाली. तिने दांडा खालून उचलून धरला, मी पुन्हा रेटलं, आणि तो खट्कन बसला.

नट आवळून, गिअरबॉक्समध्ये तेल भरून झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. मी एकटाच चक्कर मारणार होतो, पण आई म्हणाली, "मी पण येणार." तिघं पळस्प्यापर्यंत गेलो, फाट्यावरून वळलो. कसलाही आवाज आला नाही. "बघ," आई म्हणाली. मला मात्र आनंदही होईना. खांदे इतके दुखत होते की स्टिअरिंग धरवत नव्हतं.

ते बहिणीच्या लक्षात आलं. घरी आल्यावर मी धुण्याच्या पावडरने हातावरचं काळं घासत उभा होतो, तेव्हा ती म्हणाली, "उद्या तिला मी नेते. नाशिकला परवा जाईन."

"तुला रस्ता नाही माहीत."

"आईला आहे ना. तू झोप."

एरवी मी नको म्हटलं असतं. त्या दिवशी म्हटलं नाही. जेवायलाही न थांबता आत जाऊन पडलो.