रिकाम्या पट्ट्याचं ओझं

पोह्यांच्या एका गिरणीत लांबलचक कन्व्हेयर बेल्ट बसवायचा आहे. तो ओढायला किती जोर लागेल, मोटर केवढी घ्यावी, याचा हिशेब मी सकाळी दार उघडं टाकून करत बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या सुलभाताई जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि कठडा धरून थांबल्या. हातात कोथिंबिरीची एक जुडी.

"एवढ्याशा जुडीनं दम लागला?" मी विचारलं.

"जुडीचा कसला दम? मला माझंच वजन वर आणावं लागतं," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, कारण माझ्या कागदावरही तेच उतरलं होतं. पोहे हलके. बहुतेक जोर जातो तो खुद्द पट्टा ओढण्यात आणि त्याखालचे रोलर फिरवण्यात. पट्ट्यावरचे सगळे पोहे काढून घेतले, तरी मोटरचं काम फारसं कमी होत नाही. माणसाचंही असंच असावं. उठायचं, आंघोळ करायची, चष्मा शोधायचा, जिने चढायचे. दिवसाची बरीचशी ताकद स्वतःला चालतं ठेवण्यातच जाते, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

"उद्यापासून जुडी मी आणत जाईन," मी म्हणालो.

"नको हो," कुलपाला किल्ली लावत सुलभाताई म्हणाल्या. "मग मी खाली कशाला उतरू?"

मी पुन्हा कागदाकडे वळलो. पोह्यांचा वाटा तिथं एवढासाच होता. सगळा पट्टा मात्र त्यांच्यासाठीच फिरणार होता.