झाड होमसिक झालंय!

नर्सरीत माणसं झाडं न्यायला येतात आणि किस्से ठेवून जातात. नव्वदच्या दशकात मी बॉटनीची एम.एस्सी. घेऊन दुबईजवळच्या अजमानच्या एका नर्सरीत लागले. मालक पाटकरसाहेब. आधी प्लंबिंगची कामं घ्यायचे, मग एके दिवशी आपोआप ‘प्लांट एक्स्पर्ट’ झाले. त्यामुळे गिऱ्हाइकांपेक्षा मालकाचेच किस्से जास्त!

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, “वड, उंबर, अंजीर, तुती, फणस, सगळी एकाच कुळातली.”

साहेब हसले. “काहीतरीच! फणस कोकणातला, अंजीर पुरंदरचं. सोयरीक जमेल कशी?”

*

शारजाच्या एका बाईंनी फायकस नेला, वडाच्याच कुळातलं शोभेचं झाड. जागा बदलली की तो पानं टाकतो, तशी त्यानं टाकली. बाईंचा घाबरून फोन. मी समजावत होते, तेवढ्यात साहेबांनी रिसीव्हर ओढला. “मॅडम, झाड होमसिक झालंय. रोज त्याच्याशी बोला!”

“कुठल्या भाषेत?” बाई अगदी गंभीर.

“हिंदी चालेल. अरबी अजून येत नाही त्याला!”

*

आमचे एक जोशी, पुण्याचे इंजिनियर. बाल्कनीतलं अंजीर कुंडीसकट परत घेऊन आले, सोबत मुलगी. “फूल आलंच नाही, डायरेक्ट फळ! फसवता काय?”

मी अंजीर कापून दाखवलं. “फुलं आतच असतात. आणि या जातीला परागीकरणही लागत नाही.”

जोशींनी आवाज खाली आणला. “म्हणजे... बापाशिवाय?”

मुलगी ओरडली, “वाव डॅड, सो कूल!”

कुंडी तिथंच ठेवून जोशी निघाले. “नको. घरात वाढती मुलगी आहे!”

*

उम्म अल कुवैनच्या एका व्हिलात साहेबांनी पार्किंगलगत तुती लावली. मी नको म्हणत होते. फळं पिकली आणि व्हिलाच्या अरब मालकाची पांढरी गाडी जांभळी झाली.

“खलास! तुमचं काँट्रॅक्ट बंद!” तो गरजला. साहेबांचा चेहरा उतरला. वर्षभराचं काम हातचं जात होतं.

मी हळूच सुचवलं, “नर झाड लावू. त्याला फळ धरत नाही.”

साहेबांत जीव आला. “हबीबी! ओन्ली जेंट्स ट्री! नो चिल्ड्रन, नो प्रॉब्लेम!”

काँट्रॅक्ट वाचलं. ऑफिसात येऊन साहेब सगळ्यांना सांगत सुटले, “आयडिया माझी!”

*

एकदा वटपौर्णिमेला साहेबांनी तिथल्या मराठी मंडळाच्या बायकांना ऐटीत सांगितलं, “या उन्हात बाहेर कशाला? एसी हॉलमध्ये वड आणतो!”

मी पोचले तेव्हा पैठण्या नेसून फेऱ्या सुरू होत्या. सगळ्यांत पुढे मिसेस पाटकर, हातात दोरा. वड जरा जास्तच हिरवागार वाटला. मी हळूच एक पान मोडलं. चीक येईना. या कुळात चीक नाही, असं कसं होईल? नीट पाहिलं.

“साहेब, हे प्लास्टिक आहे!”

फेऱ्या थांबल्या. साहेब छताकडे बघू लागले. बायका एकमेकींकडे.

मिसेस पाटकरांनी शांतपणे नवऱ्याकडे पाहिलं, दोरा पुन्हा ताणून घेतला आणि म्हणाल्या, “असू दे गं. मी तरी कुठं मनापासून मागतेय?”