पायरी बसेपर्यंत

गुरुवारी सकाळी अंधेरीच्या साइटवर मी एकाला मारायच्या अगदी बेतात होतो... आणि मारलं नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खोटं वाटेल, म्हणून नीट लिहितोय.

आमचं स्टेडियम जरा वेगळ्या पद्धतीने बांधतायत. बसायच्या सिमेंटच्या पायऱ्या गोरेगावच्या यार्डात साच्यात ओततात, पाणी मारून पक्क्या करतात आणि पहाटे ट्रेलरवर घालून इकडे आणतात. आम्ही त्या क्रेनने उचलून करवतीच्या दातांसारख्या तिरक्या बीमवर एकेक बसवायच्या. चाळीत कोणाला पटतच नाही... म्हणे, स्टेडियम काय फर्निचर आहे, आणून मांडायला?

माझं काम हाताचं. क्रेन चालवणाऱ्या पाजींना केबिनमधून पायरी कुठे टेकतेय ते दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मी मधे उभा राहून हाताने सांगतो. बोट खाली फिरवलं की खाली, मूठ धरली की थांब, आणि हात लांब करून ज्या बाजूला दाखवला त्या बाजूला क्रेन वळते.

पायरी हवेत असताना पाजी दुसऱ्या कोणाचं मानत नाहीत, इंजिनियर साहेबांचंसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "मैं सिर्फ तेरा हाथ देखूँगा."

आता मेधा. पार्ल्याच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती... मी सेकंड इयरला सरांशी भांडून बाहेर पडलो, ती पुढे गेली. आमचं मात्र तुटलं नाही.

दिवाळीनंतर तिच्या बाबांशी बोलायला घरी गेलो होतो. त्यांनी फक्त विचारलं, कॉलेज का सोडलंत? झालं... माझं डोकं फिरलं. चपला पायात घालायलाही थांबलो नाही, हातात घेऊनच जिना उतरलो.

त्यानंतर मेधाने सरळ सांगितलं. "तुझ्या नोकरीसाठी मी घरात भांडेन, कॉलेजसाठीही भांडेन. पण तुझ्या डोक्याबद्दल काय सांगू रे त्यांना? एकदा बाबांसमोर शांतपणे बोल. ते नाही जमलं तर आपलंही जमायचं नाही." ती उगाच बोलत नाही. म्हणून तर झोप उडाली होती.

तर गुरुवार. पायरी हवेत लोंबकळतेय. वर बीमवर आमच्या चाळीतले सावंतकाका आणि त्यांचा जोडीदार, दोघांनी दोर धरलेले, पायरी वाऱ्यावर फिरू नये म्हणून. आणि माझ्या मागे, डाव्या अंगाला पत्र्याच्या कुंपणापाशी स्कूटर थांबली. मेधाचा भाऊ, नंदू. बँकेत आहे, बुटाला धूळ लागली तरी खाली बघतो.

त्याने हाक मारली. मी वळलो नाही, वळताच येत नाही. त्याला वाटलं मी भाव खातोय... मग आवाज चढला. रविवारी संध्याकाळी मेधाला बघायला येतायत, आमच्या गल्लीत दिसलास तर तंगडी मोडीन, असं बरंच काही. मी बोट खाली फिरवत राहिलो.

"हमालीच करायची होती तर कॉलेजात कशाला आला होतास रे?"

हेही गिळलं. मग तो माझ्या वडिलांवर घसरला. "बाप मिल बंद झाल्यापासून ओट्यावर, आणि पोरगा इथे हात हलवत उभा."

कान तापले. हात खांद्यापासून निघालाच होता, त्याच्याकडे रोखायला... आणि समोर पाजी दिसले. केबिनमधून मान पुढे काढून त्याच हाताकडे बघत होते. डोळे मिटत नव्हते माणसाचे.

नंदू माझ्या मागे डावीकडे उभा होता. त्याच्याकडे हात केला असता तर क्रेन डावीकडे वळली असती आणि ती पायरी थेट सावंतकाकांवर.

मी मूठ धरली. क्रेन थांबली. सगळे थांबले... मागे नंदू चालूच होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची बोलणी ऐकत नुसता श्वास घेतला. एक, मग आणखी एक. मग मूठ उघडली आणि बोट खाली. सावकाश. सावंतकाकांनी पायरीला हात लावला, थोडी रेटली, आणि ती बीमवर बसली. खाली फक्त एक जड, मऊ आवाज आला.

हुक सुटले तसा मी कुंपणाकडे चालत गेलो. नंदू स्कूटरच्या पलीकडे सरकला. त्याला काय अपेक्षित होतं ते मला ठाऊक होतं, मलाही तेच होतं. पण गंमत म्हणजे... राग आत होता, हाताशी मात्र येईना.

"गल्लीत नाही दिसणार," मी म्हटलं. "घरी येतो. तुझ्या बाबांशी बोलायला."

"आणि सांगणार काय त्यांना?"

"जे विचारतील ते."

त्याने स्कूटरला किक मारली, ती दोनदा फसली. मी हसलो नाही, हेही लिहून ठेवतो.

जेवणाच्या सुट्टीत सावंतकाका डबा उघडत म्हणाले, "काय रे, आज डोक्या खंय ठेवलंस?" माझं तापट डोकं आज कुठे ठेवलं, असं विचारत होते... त्यांना वरून सगळं दिसलं होतं. पाजींना मी सांगायला गेलो की मागे काय चाललं होतं. ते म्हणाले, कोण आला होता? त्यांनी खरंच दुसरीकडे बघितलं नव्हतं.

सरांनी नाही, घरच्यांनी नाही, एवढा भरवसा माझ्यावर कोणी टाकला नव्हता... माझ्या हातावर दोन माणसांचा जीव ठेवून हा माणूस निवांत बसला होता. पाजी, त्याबद्दल मनापासून थँक्स.

उद्या रविवार. पाहुणे संध्याकाळी येणार आहेत. मी सकाळीच जातोय.