मर्फीला आवाज चालत नाही

प्रल्हाद देशकरचा आवाज मोठा होता, यात त्याचा काही दोष नव्हता. हिंगणघाटला त्यांच्या घराची भिंत कापसाच्या जिनिंग फॅक्टरीला लागून होती. तिथली यंत्रं दिवसभर धडधडायची आणि त्यावर नुसतं ‘मीठ दे’ म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. पुढे तो इंजिनियर झाला, अमेरिकेत ईडन प्रेरीला नोकरीवर आला, शांत गल्लीत घर घेतलं. आवाज मात्र हिंगणघाटचाच राहिला.

अशा माणसाच्या नशिबी मर्फी यावा, याला काय म्हणायचं?

२००१ साली, नऊ वर्षांच्या आश्लेषाच्या हट्टापायी, घरातले तिघंही बेवारस प्राण्यांच्या शेल्टरमध्ये कुत्रा बघायला गेले. तिथे हा तपकिरी, धिप्पाड गडी मान खाली घालून बसला होता. तिथल्या बाईंनी सांगितलं, की आधीच्या घरात फार आरडाओरडा असायचा, त्यामुळे चढलेला आवाज याला सहन होत नाही. ‘‘नो प्रॉब्लेम, आम्ही शांत लोक आहोत,’’ प्रल्हाद म्हणाला. ते ऐकून शेजारच्या पिंजऱ्यातली दोन मांजरं दचकून उठली. त्याची बायको सुवर्णा खिडकीबाहेर बघू लागली.

पहिल्याच रविवारी प्रल्हादनं गावी फोन लावला. ‘‘आई, ऐकू येते का? जेवण झालं का?’’ मर्फी टेबलाखालून उठला, कांदा चिरणाऱ्या सुवर्णाच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि प्रल्हादकडे बघून गुरगुरला. हा माणूस तिच्यावरच ओरडतोय, अशी त्याची खात्री झाली होती.

त्या दिवसापासून घरात गुन्हेगार कोण, ते ठरून गेलं. आश्लेषाला गणितातली चूक दाखवावी, तर मर्फी मध्ये. गाडीची किल्ली कुठे आहे असं सुवर्णाला विचारावं, तरी मर्फी मध्ये. चावला कधीच नाही, पण हलायचाही नाही. गणपतीत तर कहर झाला. बारा माणसं जमलेली, प्रल्हादनं दणक्यात आरतीला सुरुवात केली आणि मर्फी थेट मूर्तीपुढे जाऊन भक्तांकडे तोंड करून उभा राहिला. ऑफिसातला मित्र हेमचंद्र टाळ खाली ठेवून हसत सुटला. उरलेल्या आरत्या सगळ्यांनी कुजबुजत म्हटल्या.

‘‘अरे, आमच्या घरच्या मर्फी रेडिओचं बटण पिळलं की आवाज मोठा व्हायचा,’’ प्रल्हाद हेमचंद्रला म्हणाला. ‘‘हा उलटा मलाच बारीक करतो यार. खातो माझं आणि घर राखतो माझ्यापासून.’’

भांडणाची तर पंचाईतच झाली. नवरा-बायकोनं भांडायचं म्हणजे आवाज चढणारच. मग जानेवारीच्या उणे वीसात कोट, टोपी, बूट चढवून दोघं बाहेर गाडीत जाऊन बसायचे आणि काचा लावून भांडायचे. बूट घालेपर्यंत अर्धा मुद्दा विसरलेला असायचा. ‘‘अहो, बाकीचं नंतर, वरण लागेल माझं,’’ म्हणत सुवर्णा निम्म्यातून उठायची. स्वतःच्या घरात बोलायची चोरी, असं प्रल्हाद भेटेल त्याला सांगायचा. पण मर्फीच्या खाण्याची वीस किलोची गोणी दर महिन्याला खांद्यावरून तोच आणायचा.

२००७ मध्ये कंपनीनं त्याचं काम दूर दुसऱ्या राज्यात, अर्विंगला हलवलं. ग्रीन कार्ड निम्म्यात अडकलेलं, त्यामुळे जाणं भाग होतं. ऑफिसपासून दहा मिनिटांवर अपार्टमेंट मिळालं, पण तिथे छोटीच कुत्री चालत होती आणि मर्फी तर छत्तीस किलोंचा. मोठा कुत्रा चालेल असं घर तासाभरावर होतं. रोज दोन तास गाडी कोण हाणणार? मर्फीला परत घ्यावं म्हणून प्रल्हादनं परस्पर शेल्टरशी बोलून घेतलं. मग सुवर्णाला गाडीत नेऊन सांगितलं. तिनं उतरायला गाडीचं दार उघडलं. ‘‘आशूला तुम्हीच सांगा,’’ एवढंच म्हणाली.

शनिवारी दुपारी त्यानं सांगितलं. अगदी हळू, मनात चारदा घोकून सांगितलं. आश्लेषा आता पंधरा वर्षांची होती. आधी तिला खरंच वाटेना. मग ती उभी राहिली आणि तिच्या तोंडून अख्खं हिंगणघाट बाहेर पडलं. ‘‘यू डिडन्ट इव्हन आस्क मी! तुम्हाला तो कधीच आवडला नाही, बाबा. यू जस्ट वॉन्टेड हिम गॉन!’’

मर्फी टेबलाखालून उठला. वय झालं होतं, मागचे पाय लटपटत होते. आता हा नेहमीप्रमाणे आपल्यावर गुरगुरणार, म्हणून प्रल्हादनं मुकाट्यानं पाय जवळ घेतले. पण मर्फी आला तो त्याच्या गुडघ्यांना पाठ टेकवून उभा राहिला. तोंड आश्लेषाकडे होतं. जिच्या पायाशी तो सहा वर्षं झोपला, तिच्याकडे बघून तो घशातल्या घशात गुरगुरला.

‘‘मर्फी, इट्स मी,’’ आश्लेषा म्हणाली. तो हलला नाही.

सहा वर्षांत त्या घरात प्रल्हादवर कधी कुणी ओरडलंच नव्हतं. ओरडण्याचं खातं त्याच्या एकट्याकडे होतं, मग मर्फी त्याच्या बाजूनं उभा राहणार तरी कधी? आणि आज उभा राहिला, तो नेमका त्याला घराबाहेर काढायला निघालेल्या माणसासाठी. प्रल्हादला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. गुडघ्यांना ते थकलेलं अंग थरथरताना जाणवत होतं.

त्यानं तिथेच बसल्या बसल्या अर्विंगला फोन लावला आणि अपार्टमेंट नको असल्याचं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘‘सॉरी सर, काहीच ऐकू येत नाहीये. जरा मोठ्यानं बोलता का?’’

प्रल्हादनं मर्फीच्या पाठीवर हात ठेवला आणि तेच वाक्य तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हटलं.