सासूबाईंची नजर

ताई पडदे शिवण्याच्या कारखान्यात काम करायची आणि उरलेल्या वेळात लॅब्राडोर वाढवायची. तिचे कुत्रे कामाचे. शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी गवतातून, पाण्यातून शोधून, दाताचा ओरखडाही न उमटवता हातात आणून देणारे. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एवढ्या सगळ्यांचं खाणंपिणं बघते, त्यात आणखी एक कशाला?"

धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. जोड्या ताईनं जुळवायच्या, पिल्लं तिनं वाढवायची आणि स्पर्धेच्या मैदानात कुत्र्याला भावानं उतरवायचं, ही वाटणी दोघांत कधी न बोलताच ठरून गेली होती.

त्यांच्याकडे एक काळी कुत्री होती. पिल्लू असल्यापासून इतरांना कोपऱ्यात बसवून आधी स्वतः जेवायची, म्हणून तिचं नाव पडलं सासूबाई. पुढे ती देशोदेशीच्या स्पर्धा जिंकू लागली आणि परके लोकही उच्चाराची पार वाट लावून तिला त्याच नावानं हाक मारू लागले. ती दोनदा व्यायली. पिल्लांचा बाप तिच्याच घराण्यातला होता. गुण पक्के उतरावेत म्हणून ती जोडी ताईनंच जुळवली होती. पिल्लं हातोहात गेली, काही सीमेपलीकडेही.

सासूबाई सहा वर्षांची असताना मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि काम होतं दाट झाडीत. पक्ष्याऐवजी कापडी डमी फेकली गेली. भावानं सोडताच ती सुसाट निघाली, पण डमीच्या अगदी शेजारून पुढे गेली. भावानं शिट्टी वाजवली. ती थांबली, वळली, पण त्याच्या हाताच्या खुणेकडे न बघता भलतीकडेच चालू लागली. भाऊ चिडला. बाजूला उभी असलेली ताई मात्र दोन पावलं पुढे सरकली. कुत्री नाक जमिनीला लावून चाचपडत होती. पुढच्याच क्षणी ती कुंपणाच्या तारेवर जाऊन आदळली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे बराच वेळ तपासले. आतला पडदा झिजत चालला होता. उजेड कमी झाला की तिला दिसत नव्हतं, आणि हळूहळू उजेडातही दिसणार नव्हतं. दोष रक्तातला होता, आईबापांकडून आलेला. पिल्लांपैकीही काहींना तो होणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

परतीच्या वाटेवर भाऊ गाडी चालवत होता. तो म्हणाला, "ताई, आपण काही मुद्दाम केलं नाही. कुणी विचारलं तर सांगू. आपणहून कशाला?"

"पिल्लं कामावर जातात. त्यांच्या मालकांना कळायला नको?"

"एकदा बोललीस की संपलं. आपल्याकडून पुन्हा कुणी कुत्रा नेणार नाही. माझी सगळी उमेद त्यात आहे, तुला ठाऊक आहे."

ताईला ते ठाऊक होतं. तरी घरी पोचल्यावर तिनं एकेकाला फोन करायला घेतले. कुणी शिव्या दिल्या, कुणी मध्येच फोन ठेवला. एका डोंगराळ भागातल्या वनरक्षकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचा कुत्रा नुकताच संध्याकाळच्या गस्तीत दरीत पडून गेला होता. आपण शिट्टी उशिरा वाजवली म्हणून तो गेला, असं तो माणूस समजत होता. "बरं केलंत सांगितलंत," एवढंच तो कसाबसा म्हणाला. फोन ठेवून ताई तशीच स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिली.

तिनं त्या घराण्याची वीण थांबवली. भावानं अबोला धरला. थोड्याच दिवसांत त्यानं दुसऱ्या कुणाचे कुत्रे मैदानात उतरवायला सुरुवात केली, आणि ताईनं स्पर्धांना जाणं सोडून दिलं. तिच्याकडचे म्हातारे कुत्रे एकेक करून गेले. सासूबाई पूर्ण आंधळी झाली, तरी जेवायला पहिला मान तिचाच. ताईनं घरातली एक खुर्चीही जागची हलवली नाही.

सासूबाई गेली त्या सकाळी ताईनं भावाला निरोप धाडला. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो आला, कुदळ घेऊन मागच्या अंगणात गेला आणि खड्डा खणला. कुत्रीला त्यानंच उचलून आत ठेवलं. माती लोटताना त्याचे खांदे हलत होते. ताई त्याच्याजवळ गेली नाही, त्याला ते आवडलं नसतं.

तिनं चहा केला. तो उभ्यानंच प्यायला.

"बस ना जरा," ती म्हणाली.

"गाडी रस्त्यातच उभी केलीय," तो म्हणाला आणि कप विसळून ठेवून गेला.

त्यानंतर तो आला नाही. ताई आता कारखान्यात संध्याकाळची पाळीही करते.